मायचं डोकं मोठीमाय धुवायची

"तुम्ही यांच्या कोण?" आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

मी मुलगी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी एकदा मायकडे पाहिलं आणि माझ्याशी तेलुगूत बोलायला लागले. मायला तेलुगू बाजारापुरतंच कळतं, हे त्यांनी ओळखलं होतं. हातात बायॉप्सीचा रिपोर्ट होता. बायॉप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा छोटासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. त्यासाठी आम्ही आठ दिवस थांबलो होतो. रिपोर्टवर लिहिलं होतं, स्क्वेमस सेल कार्सिनोमा.

"हा कातडीचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "डोक्यावर भाजल्याचा जुना व्रण होता, त्यातूनच सुरू झाला. मानेत गाठी लागतात, म्हणजे तिथपर्यंत गेला असावा. हैदराबादला न्यावं लागेल. उशीर करू नका."

माय स्टुलावर बसली होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. "का म्हन्ते वो?" तिनं मला विचारलं.

"जखम चिघळली म्हन्ते. हैदराबादले दाखवा लागते."

"एवढ्याशा खाजेसाठी हैदराबाद?" माय म्हणाली. "बसमधी बसूनच जीव जाईन माहा."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. जखम कधीपासून आहे, त्यांनी विचारलं. मी मायला विचारून सांगितलं, मृगापासून, पाच महिने झाले. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "पाच महिने? इतके दिवस यांचं डोकं कोणी पाहिलं नाही?"

हा प्रश्न मी मायला मराठीत सांगितला नाही. त्याचं उत्तर मला माहीत होतं. ते मी इथे लिहिते आहे, कारण तुमच्याही घरात अशी एखादी बाई असेल, जिचं डोकं बरेच दिवस कोणी पाहिलेलं नसेल.

आमचं गाव तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. घरी कापूस आणि ज्वारी. माय तीन-चार वर्षांची असताना चुलीवरचं उकळतं पाणी तिच्या डोक्यावर सांडलं होतं. मागच्या बाजूला, अंबाडा बसतो तिथे, रुपयापेक्षा थोडा मोठा चट्टा राहिला. त्यावर केस उगवत नसत. माय अंबाडा असा घालायची की चट्टा कधी दिसला नाही. बाबांनीसुद्धा तो नीट पाहिला नसेल.

पाहिला होता फक्त मोठीमायनं. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, मायची थोरली जाऊ. आमची दोन घरं, मध्ये एक अंगण. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतातलं निंदण-वेचण बंद असतं. त्या सकाळी आमच्याकडच्या बायका डोकं धुतात, आणि कोणी एकटीनं धुवत नाही. तळ्याच्या काठची काळी माती आणायची, आदल्या दिवशी भिजत घालायची, फडक्यातून गाळून घ्यायची. ती लोण्यासारखी होते. मग एकीनं दगडावर बसायचं, दुसरीनं माती चोळायची. केस लांब, आणि माती निघायला पाणी फार लागतं, म्हणून दोघी तरी पाहिजेतच. धुऊन झालं की केस पसरून जट सोडवायची, उवा पाहायच्या, टाळूला तेल लावायचं. मोठीमाय मायच्या चट्ट्यावर बोटानं तेल लावायची. मी लहानपणापासून हे पाहत आले. तेव्हा मला वाटायचं, या दोघी गप्पा मारायला बसतात.

आणि बोलायच्याच त्या. मोठीमाय म्हणायची, "हाल नको सुमे, वासरासारखी काऊन मान हालवतं?" माय म्हणायची, "बाई, तुमी कान उपटून राह्यल्या नं."

मी सातवीपर्यंत मराठी शाळेत, नंतर तेलुगू माध्यमात, मग आदिलाबादला डिग्रीला गेले. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. बाबांनी आणि मायनं मला कापूस वेचायला न नेता पुस्तकांपाशी बसवलं, त्याचे उपकार फिटणारे नाहीत. हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतली मुलगी माझ्या केसांजवळ नाक आणून हसत म्हणाली, "मट्टी वासना." म्हणजे मातीचा वास. ती वाईट मुलगी नव्हती, पुढे माझी मैत्रीण झाली. पण त्या दिवसापासून मी डोक्याला माती लावली नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा हसत हसत मीच हे मायला सांगितलं. ती हसली नाही. त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मग मला सरकारी कार्यालयात नोकरी लागली. पहिल्या खेपेला घरी जाताना मी शाम्पूच्या पुड्यांची माळ नेली. मायला सांगितलं, आता माती नको, भिजवणं-गाळणं नको. घरात नळ आला आहे, मोरीत बस, एक पुडी फोड, आठवड्यातून दोन-तीनदा एकटीनं धुऊन टाक. कोणाची वाट पाहायची गरज नाही. मला हे सांगताना अभिमान वाटत होता. शिकून मी घरात काहीतरी सोपं करून आणलं, असं वाटत होतं.

मायनं ऐकलं. माझं सगळंच ती ऐकायची. मोठीमाय अंगणातून म्हणाली, "झालं बाप्पा, सुमी शाम्पूवाली झाली. आता आमच्या हाताले काम नाई." पुढच्या बाजाराच्या दिवशी मोठीमायनं माती भिजवली तेव्हा मायचं डोकं आदल्या दिवशीच धुऊन झालं होतं. असं दोन-तीनदा झालं. मग मोठीमायनं तिच्यासाठी माती भिजवणं सोडलं. ती आपल्या सुनेकडून धुऊन घेऊ लागली.

माय एकदा माझ्या कार्यालयात आली. माझ्या टेबलापाशी उभी राहून खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला, एवढंच. बस म्हटलं तर बसली नाही. तिच्या केसांना शाम्पूचा वास येत होता आणि मला बरं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं.

पुढच्या वर्षी आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे करायचं ठरलं. कार्यालयात कामाचा डोंगर उभा राहिला. कुठली फाईल कुठल्या जिल्ह्याची, ते वाचून गठ्ठे बांधायचे. माझ्या मामाचं गाव मुधोळ निर्मल जिल्ह्यात जाणार, आमचं गाव आदिलाबादमध्येच राहणार. सुट्ट्या बंद होत्या. मृगापासून दसऱ्यापर्यंत मी घरी गेले नाही. रविवारी फोन करायची.

त्या फोनवर माय म्हणायची, "डोस्क्यात खाज सुटून राह्यली वो."

मी विचारायची, "शाम्पू लावतं का?"

"लावतो नं."

"मंग नीट घासत नसशीन. दोनदा फेस कर, नखानं घास. रोज धू म्हटलं तरी चालते."

नंतर मी कोंड्याचा औषधी शाम्पू बसच्या कंडक्टरकडे देऊन पाठवला. पंधरा दिवसांनी विचारलं, तर म्हणाली, थोडं बरं आहे. बरं नव्हतं. उशीला रक्ताचे डाग पडायचे आणि ती खोळ रोज धुवायची. हे बाबांनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं होतं, उष्णतेनं नाकातून रक्त येत असेल.

दसऱ्याला नवे जिल्हे झाले. दिवाळीला मला सुट्टी मिळाली. नरकचतुर्दशीला तेल-उटणं स्वतःच्या हातानं लावायचं नाही, दुसऱ्या बाईनंच लावायचं, हे आमच्याकडे मोडत नाहीत. मोठीमाय तेलाची वाटी घेऊन आली. माय नको नको म्हणत होती. "वर्साचा सन हाय, दिवाळीच्या दिवशी तरी बस," म्हणून मोठीमायनं तिला खांदे धरून बसवलं.

मी रांगोळी घालत होते. गप्पा बंद झाल्या, म्हणून मान वर केली. मोठीमायचा हात मायच्या डोक्यावर तसाच होता. तिनं तो काढला, पदराला पुसला आणि हळू आवाजात मला हाक मारली.

"वंदे, इकडं ये. पाह्य."

चट्ट्याच्या जागी फुलकोबीच्या तुकड्यासारखं मांस वर आलं होतं. मधे खोल, कडा कडक. हात लागला की रक्त. मोठीमाय मला म्हणाली, "माह्या हाताखाली हे डोकं पंचवीस वर्सं होतं. एक पुटकुळी आली तं मले माहीत राहे." एवढंच बोलून ती वाटी घेऊन घरी गेली. तेल तसंच राहिलं होतं.

आदिलाबादचा रिपोर्ट घेऊन आम्ही हैदराबादला गेलो. तिथला दवाखाना मोठा होता. भरती करताना खिडकीतल्या माणसानं जिल्हा विचारला. आदिलाबाद म्हटलं, तर म्हणाला, "जुना की नवा?" आमच्या मागे रांगेत आसिफाबादकडचे लोक होते, तेही असेच गोंधळले. सी.टी. स्कॅन म्हणजे शरीराचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. त्यात कवटीच्या हाडापर्यंत गेलेलं नाही असं निघालं, पण मानेच्या डाव्या बाजूच्या गाठींत होतं.

तिथले सर्जन वयस्कर होते, हिंदी बोलायचे. त्यांनीही विचारलं, इतका उशीर का? मी तोंड उघडायच्या आत माय तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मैं बताईच नहीं साब. लडकी को कुछ मालूम नहीं था." तिला आदिलाबादचा तो न सांगितलेला प्रश्नसुद्धा कळला होता, हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. माती, पुड्या, रोज धू म्हणून सांगणं, नखानं घासणं. विचारलं, शाम्पूनं हे झालं का?

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "शाम्पूनं कॅन्सर होत नाही. मातीनं बराही होत नाही. भाजल्याचा व्रण चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा असा उलटू शकतो. म्हणून त्याच्यावर कोणाची तरी नजर पाहिजे. न भरणारी जखम महिनाभर दिसली की दाखवायची. घासल्यानं त्रास वाढला असेल, पण आजार घासल्यानं आला नाही."

"लवकर आलो असतो तर?"

"तर सोपं गेलं असतं," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मायचं डोकं भादरलं. माय डोळे मिटून बसली होती. सगळे केस खाली पडल्यावर म्हणाली, "मोठ्या बाईले सांग, आता उवा पाहाची कटकट गेली." सहा तास ऑपरेशन चाललं. डोक्याचा तळहाताएवढा भाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. मानेच्या गाठीही काढल्या. नंतर सहा आठवडे रेडिएशन. म्हणजे किरणांनी उरलेल्या पेशी जाळायच्या. दुखत नाही, पण कातडी उन्हानं करपल्यासारखी होते.

डोकं कसं धुवायचं, हे मी तिथे शिकले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, केरळच्या एका नर्सकडून. सिस्टरनं पहिल्याच दिवशी माझी नखं पाहिली आणि कापायला लावली. कोमट पाणी. थेंबभर सौम्य शाम्पू मगभर पाण्यात विरघळवायचा. तो केसांना नाही, टाळूला लावायचा. बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. ग्राफ्टवर घासणं अजिबात नाही, पाणी नुसतं ओघळू द्यायचं. मऊ कापडानं टिपायचं. मी एकदा सवयीनं जोर दिला, तर म्हणाली, "हळू. हे भांडं नाही." बाकी सगळ्यांनी किती वेळा धुवावं, हेही मी तिला विचारलं. ती म्हणाली, डोकं लवकर तेलकट होत असेल, धुळीत काम असेल तर आठवड्यातून दोनदा, नाहीतर एकदा पुरे. फेस दोनदा करायची गरज बहुतेकांना नसते. पुडीवर काही लिहिलेलं असलं तरी. आणि खाज गेली नाही तर शाम्पू बदलत बसू नका, डोकं दाखवा.

मी हे वहीत लिहून घेतलं. रविवारच्या प्रत्येक फोनला मी याच्या बरोबर उलट सांगितलं होतं.

एका दुपारी वॉर्डात मायचं डोकं टिपताना माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "माय, माह्या सांगण्यानं झालं हे. मोठीमायपासून तुले म्याच तोडलं."

माय म्हणाली, "तू सांगतलं म्हणून नाई वो. मलेच वाटे. तुह्या हापिसात यायचं होतं मले. तुह्या खुर्चीपाशी उभी राह्यन तं मातीचा वास नाई आला पाह्यजे. हॉस्टेलातल्या पोरी तुले हासल्या होत्या नं."

मी कापडाची घडी बदलून पुन्हा टिपायला घेतलं.

"आला होता का?" तिनं विचारलं.

"नाही. शाम्पूचा येत होता."

"मंग झालं," माय म्हणाली.

होळीला आम्ही घरी आलो. पुढच्या बाजूला बोटभर केस आले होते, मागे ग्राफ्टवर काही येणार नव्हतं. मोठीमाय रोज सकाळी यायची आणि मी सिस्टरची वही पाहून तिला शिकवायची. ती निमूट शिकली, हीच मोठी गोष्ट. मी कोमट पाणी ओतायची, ती पेरांनी शाम्पू लावायची. माय हसून म्हणायची, "आता एका पुडीत गावातले चार डोस्के होतीन." मोठीमाय म्हणायची, "हाल नको सुमे."

ते दोन महिने मला देवानं दिले असं मी समजते. मी रोज बसनं कार्यालयात जायची, संध्याकाळी घरी यायची. टेबलावर नव्या जिल्ह्याचे शिक्के आले होते.

अखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, खोकला सुरू झाला. एक्स-रे, पुन्हा स्कॅन, पुन्हा हैदराबाद. मेटास्टॅसिस, म्हणजे आजार मूळ जागेवरून दुसरीकडे गेलेला. फुप्फुसात गेला होता. सर्जन म्हणाले, आता त्रास कमी ठेवायचा, घरी ठेवा, ज्यांना ती ओळखते त्यांच्यात ठेवा. गोळ्या लिहून दिल्या आणि दारापर्यंत आमच्यासोबत आले.

शेवटच्या दिवसांत मायनं एकच गोष्ट मागितली. मातीनं डोकं धुऊन द्या म्हणाली. मी वही काढली. त्यात ग्राफ्टवर माती, राख, हळद काहीही लावू नये असं लिहिलं होतं. मी नाही म्हटलं. माझं बरोबर होतं, कोणीही डॉक्टर तेच सांगेल.

पोळ्याच्या चार दिवस आधी, सकाळी, माय गेली.

शेवटची अंघोळ घालायला बायका जमल्या. मोठीमाय घरातून गाळलेल्या मातीचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली. मायनं मागितली त्याच दिवशी तिनं भिजत घातली होती आणि रोज पाणी बदलत होती, मला न सांगता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं मायचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी पाणी ओतलं. माती निघायला पाणी फार लागतं. केस नव्हतेच तसे, तरी आम्ही पाच बादल्या ओतल्या.

मी आता शाम्पूच वापरते. आठवड्यातून एकदा, टाळूला, पेरांनी. मातीत काही जादू होती असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही माझ्या सांगण्यावरून काही लावू नका. मी एवढंच मागते, की महिन्यातून एकदा तुमचं डोकं दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या. आईचे, सासूचे, एकट्या राहणाऱ्या मावशीचे केस बाजूला करून टाळू पाहा. जुना चट्टा, तीळ, न भरणारी खपली, मानेतली गाठ. आरशात हे दिसत नाही आणि फोनवर तर कधीच दिसत नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांचे, हैदराबादच्या सर्जनचे आणि त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझ्या मायला जे दोन महिने दिले, ते कमी नव्हते.

बाजाराच्या दिवशी मी गावी जाते आणि मोठीमायपुढे दगडावर बसते. पहिल्यांदा बसले तेव्हा शाम्पूचा फेस पाहून ती म्हणाली, "साबन हाय का लोनी, हातात राह्यतच नाई." मग तिची बोटं माझ्या टाळूवर हळूहळू फिरत गेली आणि एका जागी थांबली. बराच वेळ हललीच नाहीत.

"काय झालं, मोठीमाय?"

"काई नाई," ती म्हणाली. "तुले दोन भोवरे हायेत. एक इथं, एक थोडा डावीकडं. तुह्या मायले अस्सेच होते."

मायचे भोवरे मी कधी पाहिले नव्हते; तिचं डोकं माझ्या हातात आलं तोवर ती जागा ऑपरेशनात गेली होती. मी मान खाली घालून बसून राहिले, आणि मोठीमायनं डोक्यावर पाणी ओतलं.